चौदा सेकंदांचा रस्ता

मुंबईतला एखादा मोठा चौक पहाटेच्या वेळी पाहावा. रात्रभर तिथे नुसता पिवळा दिवा लुकलुकत असतो. दुधाची गाडी येते, वर्तमानपत्रांचे गठ्ठे लादलेली सायकल जाते, रात्रपाळीचा एखादा टॅक्सीवाला वेग न आवरता निघून जातो. मग एका ठरलेल्या मिनिटाला, कोणी न बोलावता, खांबावरचा लाल दिवा उजळतो. रस्ता अजून रिकामाच असतो, परंतु शहराचा दिवस सुरू झालेला असतो. तो मिनिट कोणी ठरवला, हा प्रश्न त्या चौकातून जाणाऱ्या लक्षावधी माणसांपैकी क्वचितच कोणाला पडत असेल.

ज्याने तो ठरवला होता, तो गृहस्थ त्याच शहरात, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत असे. गेली तीस वर्षे त्याने सिग्नलांच्या वेळा ठरवण्याचे काम केले होते. सेवानिवृत्ती दीड वर्षावर आली होती. घरात पत्नी आणि ब्याऐंशी वर्षांची आई. भिंतीवर वडिलांचे छायाचित्र होते. त्यात ते वाहतूक हवालदाराच्या गणवेशात, हात पाठीमागे बांधून उभे होते. ते छायाचित्र आईला फारसे आवडत नसे. "यांचे हात कधी मागं नव्हते," असे ती म्हणे.

वडिलांचे हात हीच त्यांची नोकरी होती. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ते मुंबईत आले आणि त्यांच्या वाट्याला गिरणगावातला एक चौक आला. चौकाच्या मधोमध छत्रीखाली उभे राहायचे. डावा हात आडवा, उजवा हात बोलावणारा, ओठांत शिट्टी. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की गिरण्यांच्या दरवाज्यांतून माणसांचा लोंढा बाहेर पडे. त्या वेळी बस असो वा शेटजीची मोटार, वडील सर्वांना थोपवून धरीत आणि आधी माणसे सोडीत. लहानपणी पदपथावर उभे राहून त्याने हे पुष्कळदा पाहिले होते. आपल्या वडिलांच्या एका तळहातासमोर एवढे मोठे शहर थांबते, याचा त्याला अभिमान वाटे.

परंतु आठवणींना जसा उजेड असतो तशी सावलीही असते. वडिलांच्या तळहाताला गाडी ओळखता येत असे. आत कोण बसले आहे, हे त्याला दुरून कळे, आणि काही गाड्यांसाठी तो हात वेळेआधी खाली येई. खुद्द वडील हे नाकारीत नसत. ते धुरात रोज आठ तास उभे राहत. पन्नाशीतच त्यांचा खोकला रात्री शेजारच्या खोलीत ऐकू येऊ लागला. पुढे त्या चौकात स्वयंचलित दिवे बसले. पहिल्या दिवशी ते कोपऱ्यात उभे राहून बराच वेळ दिव्यांकडे पाहत राहिले. घरी आल्यावर एवढेच म्हणाले, "चांगलं आहे. हा कुणाला सलाम करत नाही, आणि खोकतही नाही."

त्या एका वाक्याने मुलाचा मार्ग ठरला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या दिव्यांचा इतिहास त्याने पुढे अभ्यास म्हणून वाचला. १८६८ साली १० डिसेंबरला लंडनमध्ये पार्लमेंटच्या बाहेर पहिला सिग्नल उभा राहिला. त्याची कल्पना जॉन पीक नाइट या रेल्वे अभियंत्याची होती. दिवसा रेल्वेसारखे हात वर-खाली होत, रात्री गॅसचे लाल आणि हिरवे दिवे लागत, आणि हे सारे एक पोलीस शिपाई हाताने चालवी. महिन्याच्या आतच, २ जानेवारी १८६९ रोजी, गॅसचा स्फोट झाला आणि तो शिपाई जखमी झाला. त्या अनामिक शिपायाचा विचार त्याच्या मनातून कधी गेला नाही. यंत्र पहिल्यांदा चौकात आले ते माणसाला जखमी करूनच. १९१४ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात विजेचे दिवे लागले. १९२० साली डेट्रॉइटमध्ये विल्यम पॉट्स यांनी लाल आणि हिरव्याच्या जोडीला पिवळा आणला. पॉट्स हे स्वतः पोलीस होते. जायचे आणि थांबायचे यांच्यामध्ये माणसाला विचार करायला थोडी जागा लागते, हे चौकात उभ्या राहिलेल्या माणसालाच सुचावे, यात नवल नाही.

संगणक आला तो पुष्कळ नंतर. १९६३ साली कॅनडातल्या टोरोंटोने आपल्या सिग्नलांचा कारभार संगणकाकडे सोपवायला आरंभ केला. त्यापूर्वी, १९५८ साली, वेबस्टर या ब्रिटिश संशोधकाने सिग्नलचे एक आवर्तन किती सेकंदांचे असावे, हे काढण्याचे सूत्र प्रसिद्ध केले होते. आवर्तन हा शब्द त्याला फार आवडे. लहानपणी चाळीत भजनाला बसताना तो शब्द त्याच्या कानांवर पडला होता. सर्व दिशांना एकेकदा वाट देऊन दिवा पुन्हा पहिल्या जागी येतो, ते एक आवर्तन. त्यातला किती भाग कोणत्या रस्त्याला द्यायचा, हा दुसरा प्रश्न. आणि शेजारच्या चौकाची सम आपल्या समेनंतर किती सेकंदांनी पडावी, हा तिसरा. हे तिसरे अंतर नीट साधले तर एका चौकातून सुटलेल्या गाड्यांना पुढचे चौक क्रमाने हिरवे मिळत जातात. अभियंते त्याला हिरवी लाट म्हणतात. समुद्राकाठच्या शहराला ते नाव शोभून दिसते.

१९७०च्या दशकात या विद्येने पुढचे पाऊल टाकले. ब्रिटनमधल्या रस्तेवाहतुकीच्या संशोधन संस्थेने ग्लासगोत आणि ऑस्ट्रेलियातल्या अभियंत्यांनी सिडनीत, दिव्यांना पाहायला शिकवले. डांबराखाली तारेचे वेटोळे पुरायचे. वरून गाडी गेली की तिच्या धातूमुळे त्या वेटोळ्याच्या विद्युत्‌गुणात सूक्ष्म फरक पडतो. तो फरक संगणकाला कळतो, आणि तो मोजू लागतो. ब्रिटिश पद्धतीत हिरव्याची वेळ एकदम बदलत नाहीत. चार-चार सेकंदांनी पुढे-मागे सरकवतात, जणू नाडी पाहून मात्रा देणारा सावध वैद्यच. लॉस एंजेलिसने १९८४च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने असे काम सुरू केले आणि २०१३ साली शहरातले सगळे, म्हणजे सुमारे ४,४०० सिग्नल एका व्यवस्थेत आणून पुरे केले. जागतिक बँकेच्या साहाय्याने २००२ साली सुरू झालेल्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात क्षेत्रीय वाहतूक नियंत्रणाचा समावेश होता. शहरातले चौक टप्प्याटप्प्याने एका कक्षाला जोडले गेले. ज्या भिंतीवर एके काळी एकच कॅलेंडर असायचे, तिथे शेकडो चौकांची चित्रे हलू लागली.

हे काम त्याने मनापासून केले. त्याला ठाऊक होते की मुंबईचा रस्ता ग्लासगोचा नव्हे. तिथे गाड्या आपापल्या पट्ट्यात चालतात. इथे दोन पट्ट्यांत साडेतीन गाड्या मावतात आणि उरलेल्या फटींतून दुचाक्या पाण्यासारख्या पुढे झिरपतात. म्हणून अभियंत्यांनी एक कोष्टक केलेले असते. मोटार हे एकक. दुचाकी साधारण अर्धी. बस मोटारीच्या दुपटी-तिपटीने. हातगाडीचे मोल मोटारीहून अधिक, कारण ती हळू चालते आणि जागा अडवते. सायकललाही त्यात स्थान आहे, टांग्यालाही आहे. पायी चालणाऱ्या माणसाला त्या कोष्टकात ओळ नाही. ही गोष्ट कित्येक वर्षे त्याच्या डोळ्यांसमोर होती आणि लक्षात आली नव्हती.

लक्षात आली ती २०२० साली. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी जाहीर झाली आणि एका रात्रीत शहर थांबले. अत्यावश्यक सेवेतला म्हणून तो कक्षात जात राहिला. भिंतीवरच्या चित्रांत रस्ते होते, दिवे होते, आणि काहीच नव्हते. जमिनीखालच्या वेटोळ्यांना वर कोणी जाणवत नव्हते. ज्या चौकांत दोन-दोन मिनिटांची आवर्तने चालत, तिथे ती आक्रसून अगदी कमीत कमी झाली. रिकाम्या देवळात पुजाऱ्याने नेमाने आरती करावी, तसे दिवे लागत आणि विझत. आयुष्यभर ज्या खोळंब्याशी तो झुंजला, तो खोळंबा शून्यावर आला होता. आणि त्या शून्याकडे पाहून त्याच्या पोटात खड्डा पडला.

मग पुढच्या आठवड्यांत कॅमेऱ्यांत माणसे दिसू लागली. डोक्यावर बोचकी, कडेवर मुले, पायांत चपला असल्या तर असल्या. नाशिककडे, आणि तिथून शेकडो कोसांवरच्या आपल्या गावांकडे, चालत निघालेली माणसे. ती चौक ओलांडून गेली, पण एकाही वेटोळ्यात त्यांची नोंद झाली नाही. माणसाच्या अंगात तेवढे लोखंड नसते. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा शून्यच दाखवत राहिला, आणि चित्रात माणसांची रांग संपत नव्हती.

त्याच वर्षी मुंबईच्या सिग्नलांची दोनदा चर्चा झाली. जानेवारीत पोलिसांनी काही चौकांत एक प्रयोग लोकांपुढे मांडला: भोंग्यांचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. ऑगस्टमध्ये दादरला पादचाऱ्यांच्या दिव्यांत पुरुषाच्या आकृतीऐवजी स्त्रीची आकृती आली. तो आईला ती मुद्दाम दाखवायला घेऊन गेला. आईने मान वर करून ती हिरवी आकृती न्याहाळली आणि म्हणाली, "बाई आहे खरी. पण गुडघे शाबूत आहेत तिचे. माझ्यासारखीला कुठं दाखवतात?"

तो हसला. त्या वाक्याचा अर्थ त्याला कळायला आणखी दोन वर्षे लागली.

आईच्या डोळ्यांतला मोतीबिंदू काढायचा होता. रुग्णालय घरापासून दहा मिनिटांवर, मध्ये एकच मोठा रस्ता. ती रिक्षा-टॅक्सी नको म्हणाली. सकाळी साडेदहाची वेळ. दोघे पदपथाच्या कडेला उभे राहिले. हिरवा माणूस उजळला. आईने काठी पुढे टाकली, डावा पाय, मग उजवा. तो तिच्या दंडाला धरून चालत होता आणि तीस वर्षांच्या सवयीने मनात मोजत होता. बारा म्हणताना ती दुभाजकापाशी पोचली. तेरा. हिरवा लुकलुकू लागला होता. चौदा. लाल. पलीकडच्या बाजूला भोंगे वाजले आणि गाड्या सुटल्या. दुभाजक जेमतेम हातभर रुंद. लोखंडी कठड्याला धरून आई उभी राहिली. पुढून बस गेली, पाठीमागून टँकर गेला, दोन्ही वेळा तिचा पदर वाऱ्याने ओढला गेला. पुढचा हिरवा यायला जवळजवळ दोन मिनिटे लागली. तेवढ्या वेळात ती एक अक्षर बोलली नाही. फक्त तिची बोटे कठड्यावर पांढरी झालेली त्याने पाहिली.

पलीकडे पोचल्यावर तिने विचारले, "हा दिवा तुमच्याकडनंच चालतो ना रे?"

"हो."

"मग तुमच्या त्या मशीनला मी दिसते का?"

त्याने उत्तर दिले नाही. तो चौक त्याचाच होता. गर्दीच्या वेळची योजना त्यानेच सही करून दिली होती. रस्त्याची रुंदी १६.८ मीटर, चालणाऱ्याचा वेग सर्वसाधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात. भागाकार बरोबर १४. खरे तर पाऊल उचलायला म्हणून आरंभीची काही सेकंदे वेगळी धरावीत, असे शास्त्र सांगते. गाड्यांची रांग मागच्या चौकापर्यंत जाऊ लागली तेव्हा ती सेकंदे त्यानेच काढून घेतली होती. कागदावर तेव्हा कोणाचाही चेहरा नव्हता. आता हिशेब उलटा केला तर आईचा वेग सेकंदाला ०.७ मीटर येत होता. तिला २४ सेकंदे हवी होती.

दुसऱ्या दिवशी त्याने टिप्पणी लिहिली: पादचाऱ्यांची वेळ १० सेकंदांनी वाढवावी. हाताखालचा तरुण अभियंता हुशार होता आणि प्रामाणिकही. तो आदबीने म्हणाला, "सर, थांबलेली रांग सुटली की एका पट्ट्यातून साधारण दोन सेकंदांना एक गाडी जाते. दहा सेकंदांत पाच. चार पट्टे आहेत, म्हणजे आवर्तनाला वीस. तासाला तीस आवर्तने. आपण तासाला सहाशे गाड्या अडवणार आहोत."

हिशेब निर्दोष होता. असा हिशेब करायला त्यानेच त्या मुलाला शिकवले होते. आणि त्या सहाशे गाड्यांतही माणसेच असतात, हे त्याला कळत होते. त्यांत बस असते, शाळेची गाडी असते, कोणाची तरी आई रुग्णालयात चाललेली असते. २०१५ साली पुण्याहून विमानाने आणलेले हृदय मुलुंडच्या रुग्णालयात नेण्यासाठी याच शहराने विमानतळापासून वाट मोकळी करून दिली होती. एका हृदयासाठी सगळे दिवे हिरवे होऊ शकतात, तर एका म्हातारीसाठी दहा सेकंदे का नाहीत, असे भावनेच्या भरात विचारता येईल. परंतु ते हृदय एकदाच जायचे होते. म्हाताऱ्या रोज जातात, प्रत्येक आवर्तनात जातात. अपवादासाठी थांबणे शहराला सोपे असते. नित्यासाठी थांबायचे म्हटले की त्याला हिशेब आठवतो.

त्याने इतर देशांतले दाखले जोडले. अमेरिकेने २००९ साली आपल्या नियमपुस्तकात चालण्याचा वेग सेकंदाला चार फुटांवरून साडेतीन फुटांवर आणला, कारण तिथेही माणसे म्हातारी होत होती. त्याच वर्षी सिंगापूरने काही चौकांत अशी सोय केली की वृद्धाने आपले कार्ड खांबावरच्या यंत्राला लावले की हिरवा माणूस काही सेकंदे अधिक थांबतो. ब्रिटनमध्ये काही ठिकाणी पट्ट्यांवर कोणी अजून चालत आहे हे यंत्र पाहते आणि गाड्यांना तेवढा वेळ रोखून धरते. म्हणजे यंत्राला माणूस दिसू शकतो. त्याला काय पाहायला सांगायचे, एवढाच प्रश्न असतो; आणि तो प्रश्न यंत्राचा नसतो.

बैठक झाली. कोणी दुष्ट नव्हते, कोणी त्याची थट्टा केली नाही. सकाळी १० ते १२ आणि संध्याकाळी ४ ते ६ या वेळांत, प्रायोगिक म्हणून, सहा सेकंदे मंजूर झाली. तीस वर्षांच्या नोकरीत त्याने याहून मोठे प्रकल्प पार पाडले होते. त्या संध्याकाळी मात्र तो घरी चालत गेला.

दुसऱ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी पुन्हा दोघे त्याच पदपथावर उभे राहिले. पहिल्या डोळ्याने आता आईला दिवा स्पष्ट दिसत होता. हिरवा माणूस उजळला. बारा म्हणताना दुभाजक आला आणि मागे पडला. अठराव्या सेकंदाला तो लुकलुकत होता. विसाव्याला लाल झाला. मग सगळ्याच दिशांना लाल असतो अशी दोन सेकंदे असतात, तीही संपली. पदपथ दोन पावलांवर राहिला होता. त्याने आईचा दंड न सोडता मोकळा हात वर केला, तळहात गाड्यांकडे. पुढच्या बसचा चालक थांबलेलाच होता. हात वर करायची खरे म्हणजे गरज नव्हती.

आई पदपथावर चढली, काठीवर भार देऊन वळली आणि श्वास सावरला. तिला काही तरी म्हणायचे आहे असे वाटून तो वाकला. पण ती त्याच्याकडे पाहत नव्हती. नव्या डोळ्याने ती रस्त्याकडे पाहत होती. तिथे, दुभाजकाच्या अलीकडे, कापडाचे तागे रचलेली एक हातगाडी अडकली होती. ओढणारा पुढे वाकलेला, ढकलणारा मागे. दोघांच्या दोन्ही बाजूंनी गाड्या सुटल्या होत्या आणि भोंगे वाजत होते.

"माझं झालं," आई म्हणाली. "त्यांचं काय?"

त्याने मान वर करून दिव्याकडे पाहिले, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.